अहिंसक दूध : प्रत्येक वेतामागे एका आयुष्याचा हिशेब

रावेर : २०२२ च्या लम्पी चर्मरोगाच्या साथीत महाराष्ट्रातील पहिले बाधित जनावर ४ ऑगस्ट रोजी रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळले. पुढच्या महिन्यात राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले आणि गोवंशाच्या वाहतुकीवर निर्बंध आले. रोग आटोक्यात आणण्यासाठी हा उपाय आवश्यकच होता. मात्र त्यामुळे दुग्धव्यवसायाची एक एरवी झाकलेली बाजू समोर आली. गोठ्यातील भाकड गाय, गोऱ्हा किंवा म्हातारा बैल बाजाराच्या वाटेने बाहेर पडतो, म्हणूनच दुधाचा हिशेब जमतो. ती वाट बंद झाली की जनावर दावणीलाच राहते आणि त्याचा चारा मालकाला रोज घालावा लागतो.

ही वाट कायमची बंद ठेवून दुग्धव्यवसाय करता येईल काय, हा 'अहिंसक दूध' या कल्पनेमागील मूळ प्रश्न आहे. शहरांत अशा दुधाबद्दल, तसेच गोशाळेतील दूध, तूप यांबद्दल आस्था वाढत आहे. ही कल्पना नेमकी काय आहे, तिला कायद्याचा आधार किती आणि तिचा खर्च किती, याचा हा आढावा.

कल्पना काय आहे?

अहिंसक दूध म्हणजे ज्या कळपातील एकही जनावर कत्तलीसाठी जात नाही, अशा कळपाचे दूध. त्यात चार अटी गृहीत असतात. गाय आटली तरी तिला विकायचे नाही. गोऱ्ह्यांना वाऱ्यावर सोडायचे नाही. वासराला आईचे दूध पोटभर मिळू द्यायचे. आणि जनावर नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळायचे. यांपैकी तिसरी अट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. देशी गाय आणि म्हैस बहुधा वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. त्यामुळेच वासरू दगावल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते आईसमोर ठेवण्याचा प्रकार गावोगाव चालत आला, तर अलीकडे ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचा गैरवापर होऊ लागला.

या अटींवर व्यावसायिक दूध विकण्याचा एक ठळक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तेथे २०११ मध्ये अहिंसा डेअरी फाउंडेशनने दूधविक्री सुरू केली. म्हाताऱ्या गायींचा आणि बैलांचा खर्च या संस्थेने दुधाच्या किमतीतच धरला. साहजिकच हे दूध नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट महाग पडले आणि त्याचे ग्राहक मर्यादित राहिले.

कायदा कुठवर पोहोचतो?

'महाराष्ट्रात गोवंशहत्या बंदी आहे, म्हणजे येथील दूध अहिंसकच,' असा समज शहरी ग्राहकांत आढळतो. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. त्यानुसार गायीच्या कत्तलीवर बंदी आली; बैल आणि वळू यांची कत्तल मात्र प्रमाणपत्र घेऊन करता येत होती. विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळण्यास २०१५ साल उजाडले. त्या वर्षीच्या मार्चपासून बैल आणि वळू यांनाही बंदी लागू झाली. गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. रावेर तालुका मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून आहे. त्या राज्यातही २००४ पासून गोवंशवध प्रतिषेधाचा स्वतंत्र कायदा आहे.

कायदा कत्तल रोखतो. जनावराला चारा देत नाही. बंदीनंतर भाकड जनावराचे मोल घसरते आणि ते सांभाळण्याचा भार पूर्णपणे मालकावर येतो. दोन-तीन जनावरे असलेल्या शेतकऱ्याला तो पेलला नाही, तर जनावर मोकाट सुटते किंवा अर्धपोटी राहते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ५० लाख मोकाट गोवंश नोंदला गेला. त्याच गणनेत २०१२ च्या तुलनेत गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, तर बैल-गोऱ्ह्यांची सुमारे ३० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातील एकूण गोवंश सुमारे १० टक्क्यांनी कमी होऊन १ कोटी ३९ लाखांवर आला. ट्रॅक्टरने बैलाचे काम हिरावले, ही या घटीची एक बाजू आहे. नर वासरू जन्मले तरी ते वाढवले जात नाही, ही दुसरी.

म्हैस तर या संरक्षणाच्या जवळपास बाहेरच आहे. तिच्या कत्तलीवर राज्यात सरसकट बंदी नाही. देशातील दुधापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक दूध म्हशीचे आहे आणि भारतातून निर्यात होणारे बोवाइन मांसही म्हशीचेच असते. घट्ट दूध, चक्का आणि खवा यांसाठी शहरात म्हशीच्या दुधाला पसंती आहे. टोणग्याला मात्र गाडीला वा नांगराला फारशी मागणी नसते. गोवंशहत्या बंदीचे समर्थन करणाऱ्या घरातही सकाळच्या चहाला म्हशीचे दूध असते आणि त्या दुधापुरता हा प्रश्न विचारलाच जात नाही.

पंधरा जनावरे, एक वेत

अहिंसक दुधाची खरी अडचण गणिताची आहे. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. म्हणजे प्रत्येक वेतामागे एक नवा जीव जन्माला येतो. नेहमीच्या व्यवसायात यांतील बरेच जीव लवकर कळपाबाहेर जातात. अहिंसक कळपात ते अखेरपर्यंत राहतात.

गायीचे नैसर्गिक आयुष्य वीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. लहानपणी वा आजाराने होणारे मृत्यू धरून सरासरी १५ वर्षे मानू. कळपाची संख्या स्थिर ठेवायची, तर जितकी जनावरे मरतात तितकीच वासरे जन्माला येऊ द्यावी लागतील. म्हणजे पंधरा जनावरांच्या कळपात वर्षाला सरासरी एकच वासरू आणि एकच वेत. नेहमीचे वेत दहा महिन्यांचे धरल्यास या पंधरा जनावरांत वर्षभर दुभती अशी एक गायही नसते. नर-मादी निम्मे-निम्मे असतील, तर एका गायीला सारे आयुष्य मिळून सरासरी दोनच वेते वाट्याला येतात. याहून अधिक वेते घेतली की कळप वाढत जातो, आणि काही वर्षांत चारा, जागा वा पैसा यांपैकी काहीतरी संपते.

रुपयांत हाच हिशेब असा मांडता येतो. महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. त्याच सुमारास नोंदणीकृत गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाची योजना मंजूर झाली. हा आकडा पोषणाचा किमान खर्च मानला, तरी एका जनावराच्या पंधरा वर्षांचा खर्च २ लाख ७३ हजार ७५० रुपये होतो. स्थिर कळपात हा सारा खर्च एकाच वेताच्या दुधावर पडतो. संकरित गायीने वेतात ३,००० लिटर दूध दिले असे धरल्यास लिटरमागे ९१ रुपये. देशी गायीचे १,५०० लिटर धरल्यास १८२ रुपये. दुभत्या काळातील खुराक, मजुरी, संकलन आणि वाहतूक यांचा खर्च वेगळाच. याच्या तुलनेत जुलै २०२३ मध्ये शासनाने गायीच्या दुधासाठी उत्पादकाला ठरवून दिलेला किमान दर लिटरला ३४ रुपये होता. २०२४ मध्ये दर कोसळल्यावर ३० रुपये दर आणि ५ रुपये शासकीय अनुदान अशी तजवीज करावी लागली. अहिंसक दुधाचा किमान खर्च आणि बाजारातील दर यांत किती अंतर आहे, हे यावरून कळते.

लिंगविनिश्चित रेतमात्रेची मर्यादा

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे लिंगविनिश्चित रेतमात्रा. कृत्रिम रेतनासाठी ती वापरल्यास सुमारे ९० टक्के वेळा कालवडच जन्मते. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून तिचा प्रसार होत आहे. नको असलेल्या गोऱ्ह्यांचा प्रश्न तिने सौम्य होतो, यात शंका नाही.

पण कत्तलमुक्त कळपाचे वरील गणित तिने सुटत नाही. कालवडीलाही गोऱ्ह्याइतकाच चारा लागतो आणि तिलाही पंधरा वर्षे जगायचे असते. वासरे बहुतेक माद्याच असल्या, तर कळप स्थिर राखण्यासाठी प्रत्येक गायीने आयुष्यात जेमतेम एकदाच व्यायचे, असा हिशेब निघतो. कळपाच्या एकूण दुधात वाढ होत नाही. जास्तीच्या कालवडी दुसऱ्या शेतकऱ्याला विकल्या, तर प्रश्न त्याच्या दावणीला जातो. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यामुळे विकलेल्या कालवडीचा पुढचा प्रवास नोंदवणे आता शक्य आहे. पण पंधरा वर्षे तिची जबाबदारी कोणी घ्यायची, हे बिल्ल्यावर लिहिलेले नसते.

गणितात खरा फरक पडतो तो वेत लांबवल्याने. गाय पुन्हा गाभण न ठेवता दोन वर्षांपर्यंत दुहली, तर त्याच पंधरा जनावरांत एका वेळी दोन दुभत्या राहू शकतात. दूध हळूहळू घटते, आणि सर्वच गायी इतका काळ टिकत नाहीत. देशी गायी विशेषतः लवकर आटतात. तरीही दोन वर्षांच्या वेतात ४,५०० लिटर दूध मिळाले, तर वरील किमान खर्च लिटरमागे ९१ वरून ६१ रुपयांवर येतो.

रावेरच्या केळीचा आधार

उरलेला भार हलका करायचा, तर दुधाव्यतिरिक्त उत्पन्न हवे. या बाबतीत रावेर परिसराला एक नैसर्गिक अनुकूलता आहे. तापी आणि सातपुडा यांच्यामधला हा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीला प्रति झाड सुमारे दहा किलो शेणखताची शिफारस केली जाते. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे एका हेक्टरला सुमारे ४४ टन शेणखत लागते. एका जनावराचे रोजचे दहा किलो शेण कुजून वर्षाला साधारण दीड टन खत होते. एक हेक्टर केळीबागेला सुमारे तीस जनावरांचे वर्षभराचे खत सामावून घेता येते. भाकड गाय दूध देत नसली तरी शेण देतेच.

खताला टनामागे दोन हजार रुपये मिळाले असे गृहीत धरल्यास एका जनावरामागे पंधरा वर्षांत सुमारे ४५ हजार रुपये हाती येतात. दोन वर्षांच्या वेताच्या हिशेबात याने लिटरमागे दहा रुपयांचा आधार मिळतो. केळी बागायतदार आणि गोपालक यांच्यात खताचा कायम करार झाला, तर म्हाताऱ्या जनावराला निश्चित उत्पन्न लाभेल.

चाऱ्याबाबत मात्र सावधगिरी हवी. घड कापल्यावर उरणारे केळीचे खांब या तालुक्यात मुबलक असतात. पण त्यांत पाण्याचेच प्रमाण फार मोठे आणि प्रथिने अत्यल्प असतात. कडबा आणि पेंड यांच्या जोडीला ते चालतात. केवळ त्यांवर जनावर खंगते. खानदेशात ज्वारीचा कडबा, सरकीची पेंड आणि डाळ गिरण्यांची तूरचुणी उपलब्ध आहे, पण ती फुकट नाही.

बैलाचे काय? सातपुड्याच्या या बाजूला आढळणारी तांबड्या रंगावर पांढरे ठिपके असणारी निमाडी आणि खानदेशातील तापी खिल्लार या जाती मुळात ओढकामासाठीच जोपासल्या गेल्या. त्यांचे दूध बेताचे, पण गोऱ्ह्याला किंमत होती. आज पोळ्याला सजवण्याइतके बैल अनेक गावांत उरलेले नाहीत. दुधाळ संकरित गायीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखेच असते आणि उन्हातील कामही त्याला सोसत नाही. जास्त दूध देणाऱ्या गायीचा गोऱ्हा निरुपयोगी आणि उपयोगी गोऱ्ह्याच्या आईचे दूध थोडे, ही कोंडी अद्याप फुटलेली नाही.

जुनीच चर्चा

हा वाद नवा नाही. मुंबईत १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. निरुपयोगी जनावरांचा सांभाळ दानातून करायचा, ही पांजरपोळीची रीत. खानदेशातही जळगाव, धुळे येथे ती परंपरा आहे. यात दुधाचा ग्राहक काहीच देत नाही. देतो तो दाता.

महात्मा गांधींना ही विभागणी अपुरी वाटत होती. रावेरच्या शेजारी फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. तेथील प्रदर्शनातून त्यांनी ग्रामोद्योगांचा जो विचार पुढे ठेवला, त्यात मेलेल्या जनावराच्या कातड्याचे स्थान महत्त्वाचे होते. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चालवलेल्या चर्मालयात नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावली जात असे. मेलेल्या गुराचे कातडे, हाडे आणि खत यांचा पूर्ण उपयोग झाला, तरच कत्तलीवाचून गोपालन परवडेल, अशी गांधीजींची धारणा होती. वर्ध्यातच १९४१ मध्ये स्थापन झालेल्या गोसेवा संघाच्या कामाला जमनालाल बजाज यांनी आपले अखेरचे दिवस वाहिले. पुढे विनोबा भावे यांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईत देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि तो अनेक वर्षे चालला.

विरुद्ध बाजूही महाराष्ट्रातच मांडली गेली. विनायक दामोदर सावरकर यांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, त्याची जोपासना करावी, पूजा नव्हे, अशी भूमिका घेतली. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९६४ मध्ये गोविकासातील संख्येच्या प्रश्नावर लेख लिहिला. जेथे जनावरांची संख्या हेतुपुरस्सर मर्यादित ठेवली जात नाही, तेथे ती उपासमारीने मर्यादित होते, या वास्तवाकडे त्यांनी लक्ष वेधले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत निरुपयोगी जनावरांसाठी देशात १६० गोसदने उभारण्याचे ठरले होते. त्यांतील फारच थोडी प्रत्यक्षात आली.

शेवटचा प्रश्न : मरण

कत्तल टाळली तरी मरण टळत नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तडफडणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरण दिले. त्यावर मोठे वादळ उठले. दुःखातून सोडवणे हीदेखील अहिंसाच, असे त्यांचे उत्तर होते. सुमारे ऐंशी वर्षांनी हाच वाद ब्रिटनमध्ये झाला. वॉटफर्डजवळील इस्कॉनच्या भक्तिवेदान्त मॅनर या मंदिरात जखमी होऊन उठू न शकणाऱ्या 'गंगोत्री' गायीची शुश्रूषा चालू होती. १३ डिसेंबर २००७ रोजी तेथील प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्थेने तिला इंजेक्शनने मरण दिले. मंदिराने सेवा म्हटले त्याला संस्थेने यातना म्हटले होते. नैसर्गिक मरणाची अट घालणाऱ्या प्रत्येक गोठ्याला पशुवैद्य कधी आणि कशासाठी बोलवायचा, हे आधीच ठरवावे लागते.

लम्पीच्या साथीत शासनाने जाहीर केलेली भरपाई दुधाळ जनावराला ३० हजार, ओढकामाच्या जनावराला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये अशी होती. जनावराचे मोल आजही त्याच्या उपयोगावरच ठरते, हे या दरांतून दिसते. अहिंसक दुधाची कल्पना या मोलालाच आव्हान देते.

ग्राहकाने काय पाहावे?

'गोशाळेचे', 'देशी' वा 'अहिंसक' अशी चिठ्ठी पिशवीवर असली, तरी तिची सत्यता चार प्रश्नांवर तपासता येते. कळपात दुभत्या गायींच्या तुलनेत भाकड गायी आणि बैल किती आहेत? गेल्या पाच वर्षांत जन्मलेले गोऱ्हे आज कोठे आहेत? वासराला किती दूध सोडले जाते? आणि म्हाताऱ्या जनावरांचा खर्च दुधाच्या किमतीतून निघतो की देणग्यांतून? तीस जनावरांच्या कळपात दुभत्या गायी चारहून फार जास्त असतील, तर बाकीची जनावरे कोठेतरी गेली आहेत किंवा कळप सतत वाढतो आहे, असाच अर्थ निघतो.

लांबवलेले वेत आणि शेणखताचा करार यांच्या साह्याने असे दूध पिकवता येते. पण खुराक धरून त्याचा उत्पादनखर्च लिटरला साठ रुपयांच्या पुढे आणि देशी गायीच्या बाबतीत त्याच्या कितीतरी पट राहतो. ही किंमत तीन ठिकाणांहून येऊ शकते : दुधाचा ग्राहक, दाता किंवा शासन. यांपैकी कोणीच ती दिली नाही, तर ती शेतकरी देतो, आणि त्याच्याकडेही ती नसेल तेव्हा जनावर देते. कत्तलमुक्त दुधाची मागणी करणाऱ्या शहरी घराने पहिला निर्णय घ्यायचा आहे तो रोजचे दूध निम्म्यावर आणून त्याला दुप्पट दाम मोजण्याची आपली तयारी आहे काय, याचा.